पंधरा वर्षांचा शेजार : ग्रॅहम ग्रीन यांच्या एका कादंबरीचे पुनर्वाचन

सेमिनरीत नीतिशास्त्राचे पाठ चालू असता आमच्या एका वृद्ध प्राध्यापकांनी आम्हां विद्यार्थ्यांना एक इंग्रजी कादंबरी वाचावयास सांगितली होती. ग्रंथालयात तिची एकच प्रत होती. ती इतक्या हातांतून फिरली की परत आली तेव्हा तिची बांधणी सुटलेली होती. कादंबरीचे नाव ‘द हार्ट ऑफ द मॅटर’, लेखक ग्रॅहम ग्रीन, प्रकाशनवर्ष १९४८. पुढे आठवडाभर जेवणघरात आणि बागेत एकाच प्रश्नावर वाद रंगला : कथानायक मेजर स्कोबी तरला की नरकात गेला? आम्हीही त्या वादात हिरिरीने भाग घेतला होता. कोणता पक्ष घेतला होता, हे आता सांगण्यात हशील नाही. यंदाच्या पावसाळ्यात तीच कादंबरी आम्ही पुन्हा वाचावयास घेतली, आणि शेवटचे पान मिटताना ध्यानात आले की त्या आठवडाभराच्या वादात अली या माणसाचे नाव एकदाही निघाले नव्हते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

ज्या वाचकांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धाचा काळ. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एक ब्रिटिश वसाहत. स्कोबी हा तेथील पोलीस खात्यातील वरिष्ठ अधिकारी. या देशात त्याला पंधरा वर्षे झाली आहेत. विवाहाच्या निमित्ताने तो कॅथॉलिक झालेला आहे. पत्नी लुईझ काव्याची आवड असलेली, धर्मनिष्ठ, पण या हवेला आणि या माणसांना विटलेली. एकुलती एक मुलगी दूर इंग्लंडमध्ये वारली आहे. बढती हुकते, लुईझला दक्षिण आफ्रिकेस जाता यावे म्हणून स्कोबी युसेफ नावाच्या सीरियन व्यापाऱ्याकडून कर्ज घेतो. ती गेल्यावर समुद्रात बुडालेल्या जहाजातून वाचलेली हेलन नावाची तरुण विधवा त्याच्या आयुष्यात येते. प्रथम कीव, मग जवळीक, मग पाप. लुईझ परत येते. दोघींपैकी कोणालाही दुखवणे स्कोबीला साधत नाही. हेलनला सोडीन असे वचन तो देऊ शकत नाही, म्हणून प्रायश्चित्त संस्कारात त्याला पापक्षमा मिळत नाही. तरीही पत्नीच्या समाधानासाठी तो घोर पापाच्या अवस्थेत ख्रिस्तप्रसाद स्वीकारतो. इकडे युसेफ एका प्रेमपत्राच्या बळावर त्याला कचाट्यात पकडतो. शेवटी हृदयविकाराचे सोंग रचून स्कोबी आत्मघात करतो.

कथानक असे चार ओळींत सांगितले की ते एखाद्या नाटकासारखे भासते. कादंबरी मात्र तशी नाही. तिचे खरे बळ घटनांत नसून रोजच्या दिवसात आहे. उष्ण कटिबंधातील एका परक्या देशात एखादा माणूस वर्षानुवर्षे राहतो म्हणजे नेमके काय करतो, हे इतक्या थोड्या शब्दांत दाखवणारी दुसरी कादंबरी आमच्या वाचनात नाही. ग्रीन यांना ती भूमी ठाऊक होती. १९३५ मध्ये सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाऊन येथे उतरून ते लायबेरियाच्या जंगलातून पायी गेले होते आणि त्या प्रवासावर १९३६ साली त्यांनी पुस्तक लिहिले. पुढे १९४२-४३ मध्ये ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या कामासाठी ते फ्रीटाऊनमध्येच राहिले. कादंबरीत वसाहतीचे नाव नाही, पण गाव ओळखू येते.

पहिल्याच प्रसंगात नुकताच आलेला विल्सन हॉटेलच्या गच्चीवर बसलेला आहे आणि खालच्या रस्त्याने स्कोबी चालला आहे. नवखा वरून पाहतो, जुना खालून चालतो. ही साधी मांडणी पुढे सबंध कादंबरीला पुरते. मग हळूहळू त्या जगण्याचे बारकावे येऊ लागतात. पत्र्याच्या छपरांवर बसणारी गिधाडे. लष्करी छावणीच्या उकिरड्यावर पाळीव कोंबड्यांसारखी फिरणारी तीच गिधाडे. साधा ओरखडा उठला तरी तासाभरात पिकणारी कातडी. घामोळे, मच्छरदाणी, तापाच्या गोळ्या. दलदल बुजवून उठवलेल्या जागेवरील घर, जी जागा पाऊस लागला की पुन्हा दलदल होऊ पाहते. हॉटेलात राहणारे दोन इंग्रज रात्र जात नाही म्हणून झुरळे मारण्याची स्पर्धा लावतात, गुण मोजतात आणि गुणांवरून भांडतात. हा प्रसंग वाचताना प्रथम हसू येते. दुसऱ्या वाचनात अंगावर काटा येतो. क्लबात तीच माणसे, तीच कुचाळकी, तीच पेये. ज्याला आपण परदेशातले जीवन म्हणतो ते पुष्कळदा इतकेच असते : चार भिंतींत आणलेला स्वदेश, आणि भिंतीबाहेर पाऊस.

स्कोबी या टोळक्यातला नाही. त्याला हा देश आवडतो, आणि हेच त्याचे वेगळेपण आहे. संध्याकाळी पाचएक मिनिटे ते कुरूप बंदर सुंदर होते, तांबड्या मातीच्या रस्त्यांवर फुलासारखी गुलाबी झाक चढते, त्या क्षणाची तो वाट पाहतो. आपल्या कोकणात जांभ्याच्या वाटेवर सूर्यास्ताची वेळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वर्णन खोटे वाटणार नाही. हा देश आपल्याला इतका का आवडतो, असा प्रश्नही तो स्वतःला विचारतो; आणि त्याचे उत्तर असे की येथे मनुष्यस्वभावाला मुखवटा चढवण्यास अद्याप सवड मिळालेली नाही, येथे माणसाचे वाईटात वाईट रूप जाणूनही त्याच्यावर प्रेम करता येते. त्याच्या कचेरीत एक मेज, साध्या खुर्च्या आणि खिळ्याला टांगलेल्या गंजक्या बेड्या, एवढेच. इतर लोक वस्तू जमवून घर करतात. स्कोबी वस्तू कमी करीत करीत घर करतो.

येथवर वाचक त्याच्यावर लोभ करू लागतो. आम्हीही केला. पण या वेळी आमचे मन त्या वजाबाकीपाशी अडखळले. वस्तू कमी करणे हा वैराग्याचा मार्ग आहे, आम्हां धर्मगुरूंना तो शिकवलेला असतो. तथापि वस्तूंबरोबर माणसेही वजा होऊ लागली तर? स्कोबी रोजनिशी लिहितो. तीत तापमान, आले-गेले, वादळ केव्हा झाले, अशा त्रोटक नोंदी असतात. मुलीचा मृत्यूही तीत एका ओळीपेक्षा अधिक जागा घेत नाही. पंधरा वर्षांच्या अशा नोंदींतून एक नेटका अधिकारी दिसतो. त्या देशातील एखादे घर, एखादी आई, एखादे मूल, एखादी म्हण मात्र दिसत नाही. कचेरीत रोज फिर्यादी येतात, भाडेकरू आणि मालकीण यांच्या तक्रारी होतात, दोन्ही पक्ष खोटे बोलतात, आणि स्कोबी त्या खोटेपणावरही माया करतो. परंतु फिर्यादी म्हणून जो आपल्यासमोर उभा राहतो त्याच्या घरी जाऊन त्याच्या पाटावर बसणे ही वेगळी गोष्ट आहे.

हा आक्षेप आमचा एकट्याचा नाही. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी जॉर्ज ऑर्वेल यांनी तिच्यावर टीका लिहिली. ही कथा लंडनच्या एखाद्या उपनगरात घडली असती तरी फारसा फरक पडला नसता, आफ्रिकी माणसे येथे केवळ पार्श्वभूमीला आहेत, असा त्यांचा एक मुद्दा होता. ऑर्वेल स्वतः १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होते. वसाहतीतील पोलिसाचे आयुष्य ते आतून जाणत होते. त्यामुळे त्यांचा शब्द हलका मानता येत नाही. तरी आम्हांस त्यांचे म्हणणे अर्धेच मान्य आहे. लंडनच्या उपनगरात ती हवा, तो पाऊस, तो एकांत मिळाला नसता. आणि मुख्य म्हणजे लंडनच्या उपनगरात अली मिळाला नसता.

अली हा स्कोबीचा नोकर. पंधरा वर्षे तो त्याच्याबरोबर आहे. म्हणजे त्या देशातील स्कोबीचे सारे आयुष्य अलीच्या देखत गेले आहे. चहा करणे, कपडे काढून ठेवणे, आजारात उशाशी बसणे, दौऱ्यावर बरोबर जाणे हे त्याचे काम. कादंबरीत एक विलक्षण प्रवास आहे. बांबा नावाच्या दूरच्या ठाण्यावर एका तरुण अधिकाऱ्याने आत्महत्या केल्याची बातमी येते. स्कोबी तिकडे निघतो. वाट जंगलाची, दिवस दमट, गाडी खडखडत चाललेली, त्याच्या अंगात ताप भरत आहे, आणि अलीने केलेला गरम चहा त्याच्या ओठांना लागतो. त्या क्षणी त्याला वाटते की आपल्याला याहून अधिक काही नको. त्याच्या सबंध आयुष्यात सुख म्हणावे असे जे काही आहे ते येथे आहे. पत्नीजवळ नाही, हेलनजवळ नाही. ग्रीन यांनी हा प्रसंग फार संयमाने लिहिला आहे. दोघांत बोलणे जवळजवळ होतच नाही.

प्रथम वाचनात ही मूकता आम्हांला मैत्रीची खूण वाटली होती. आता आम्ही विचारतो, बोलणे का होत नाही? बोलण्याची गरज उरली नाही म्हणून, की बोलण्याची सुरुवातच कधी झाली नाही म्हणून? कथानक याचे उत्तर निष्ठुरपणे देते. पुढे स्कोबीच्या हातून लाच, तस्करी आणि व्यभिचार घडू लागतात, तेव्हा त्याच्या मनात शंका शिरते : अलीला आपली गुपिते ठाऊक आहेत, तो ती कोणाला सांगेल का? पंधरा वर्षांच्या सोबतीनंतर या शंकेचे निरसन करण्यास एक साधा उपाय होता. अलीला समोर बसवून विचारावयाचे. स्कोबी ते करीत नाही. तो जातो युसेफकडे. ज्याला तो लबाड म्हणून ओळखतो त्याच्याकडे. युसेफ म्हणतो, काळजी करू नका, मी पाहतो. मात्र अलीने यावे म्हणून तुमची एखादी खूण द्या. स्कोबी आपल्या खिशातली तुटकी रोझरी काढून देतो. त्या रात्री बंदराजवळ, रिकाम्या पेट्रोलच्या पिंपांखाली, अली गळा चिरलेल्या अवस्थेत सापडतो.

जपमाळ हाती दिसली म्हणून अली निघाला. तो नावावरून मुसलमान. ती माळ त्याच्या धर्माची नव्हती. पण ती आपल्या धन्याची आहे हे तो ओळखत होता. एवढी ओळख त्याच्या मरणाला पुरली.

या कादंबरीवर कॅथॉलिक जगात जो वाद झाला तो सारा स्कोबीच्या आत्म्याविषयी झाला. एव्हलिन वॉ या कॅथॉलिक कादंबरीकाराने १९४८ मध्येच लिहिले की देवाच्या प्रेमासाठी आपला आत्मनाश पत्करणे ही एक तर सैल काव्यमय भाषा आहे, नाहीतर वेडगळ ईश्वरनिंदा आहे. ऑर्वेल यांना पापी माणसाभोवती तेजोवलय काढण्याची ही रीतच नापसंत होती. दोघेही आपापल्या जागी विचार करावयास लावतात. परंतु दोघांचाही रोख स्कोबी आणि देव यांच्या दरम्यान जे घडते त्यावर आहे. आमच्या वर्गातही तेच झाले. घोर पापाच्या अवस्थेत घेतलेला ख्रिस्तप्रसाद, आत्मघात, पूर्ण संमती होती की नव्हती, अनुताप शेवटच्या श्वासापर्यंत शक्य असतो की नाही. या प्रश्नांची उत्तरे आम्ही वह्यांत उतरवून घेतली. पेट्रोलच्या पिंपांखाली पडलेल्या माणसाविषयी कोणाच्याही वहीत एक ओळ नव्हती.

आमचे म्हणणे असे की कादंबरीचे मर्म त्या पिंपांपाशी आहे. स्कोबीचा दोष अनिर्बंध दयाळूपणा हा आहे, असे नेहमी म्हटले जाते. ग्रीन यांनीही उत्तरकाळात आपल्या आत्मकथनात खुलासा केला की करुणा आणि कीव यांतील भेद त्यांना दाखवावयाचा होता, आणि कीव हे एका प्रचंड अहंकाराचे रूप असू शकते. हे खरेच आहे. कीव करणारा नेहमी वरच्या पायरीवर असतो. त्याला समोरच्याचे दुःख दिसते. समोरच्याचे मत त्याला नको असते. स्कोबी लुईझचे दुःख पाहतो, हेलनचे पाहतो, देवाचेदेखील पाहतो. अलीची मात्र त्याला कीव येत नाही, कारण अली दुःखी आहे की सुखी हे जाणण्याचा प्रसंगच त्याच्यावर आलेला नाही. तेव्हा अलीशी असलेले त्याचे नाते कीवेहून स्वच्छ आहे, आणि तरीही ते सर्वांत आधी तुटते. कारण सवयीवर उभी असलेली माया आणि ओळखीवर उभी असलेली माया या दोन वस्तू आहेत. पहिली वर्षानुवर्षे टिकते, पण शंकेचा एक दिवस तिला सोसत नाही. त्या दिवशी स्कोबीजवळ पंधरा वर्षांचा चहा होता. पंधरा वर्षांतले एकही संभाषण नव्हते, ज्याच्या आधारे त्याने म्हणावे की नाही, हा माणूस असे करणार नाही.

येथे ग्रीन यांच्याशी न्यायाने वागले पाहिजे. अलीच्या प्रेतापाशी उभा राहून स्कोबी जे पाहतो ते कोणत्याही प्रवचनाहून भेदक आहे. पिंपांखाली आपला नोकर नव्हे, देवच पडला आहे, असे त्याला जाणवते. इतकी वर्षे तू माझी सेवा केलीस आणि अखेर मीच तुला मारले, असे तो मनात म्हणतो. वेडेवाकडे पडलेले ते शरीर त्याला तुटक्या जपमाळेसारखे दिसते. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय ज्यांच्या कानांवर आहे त्यांना याचा अर्थ सांगावयास नको. भुकेला, तहानेला, परका यांच्यापैकी कनिष्ठतमाशी आपण जे वागलो ते प्रभूशी वागलो. तेव्हा ग्रीन यांना हे दिसले नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना ते लख्ख दिसले होते.

मग उणीव कोठे आहे? ती शेवटच्या प्रकरणात आहे. जोवर स्कोबी जिवंत आहे तोवर लेखकाला एक सबब आहे. आपण बरेचसे त्याच्या डोळ्यांनी पाहत असतो, आणि त्याला जे दिसले नाही ते आपल्यालाही न दिसणे हा कलेचाच भाग म्हणता येईल. पण स्कोबी मेल्यावर लेखक मोकळा होतो. अखेरीस फादर रँक आणि लुईझ समोरासमोर बसतात. लुईझला वाटते की नवऱ्यासाठी प्रार्थना करणेही आता व्यर्थ आहे. फादर रँक तिला फटकारतात : ख्रिस्तसभेला सगळे नियम ठाऊक आहेत, पण एका मानवी हृदयात काय चालते ते तिला ठाऊक नाही, आणि तो माणूस देवावर खरोखर प्रेम करीत असावा. लुईझ म्हणते की दुसऱ्या कोणावर तर त्याने प्रेम केले नाही. हा संवाद योग्यच गाजला. परंतु त्या अखेरच्या संवादात अलीचे नावही येत नाही. तेथे बसलेल्या धर्मगुरूच्या धर्मग्रामात एक माणूस गळा चिरून मेला आहे, त्याला काही नातलग असतील, कोणी रडत असेल. पिंपांखाली देव पाहणाऱ्या लेखकाला हे आठवू नये, ही या थोर कादंबरीची खरी उणीव आहे, असे आम्हांस वाटते.

फादर रँक यांच्याविषयी आमच्या मनात जिव्हाळा आहे, म्हणून हे लिहिताना संकोच होतो. एके ठिकाणी ते स्कोबीजवळ मन मोकळे करतात. इंग्लंडमधील धर्मग्रामात त्यांनी मागावे आणि लोकांनी पैसा द्यावा असे होते, पण एकाही जिवाला आपला उपयोग झाला नाही असे त्यांना वाटले, आफ्रिकेत निराळे होईल म्हणून ते आले, येथेही तेच. ज्या धर्मगुरूने ही ओळ वाचून पुस्तक क्षणभर खाली ठेवले नाही तो एक तर संत असावा, नाहीतर अजून तरुण.

परदेशात दीर्घकाळ राहिलेल्या इंग्रज कॅथॉलिकाची गोष्ट निघाली की मराठी ख्रिस्ती वाचकाला आणखी एक इंग्रज आठवल्यावाचून राहणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. चाळीस वर्षे, आणि त्यांतील पुष्कळशी साष्टीत. तेही एका सत्तेच्या छायेत आले होते. पोर्तुगीज अंमलात देवळे पाडली गेली, १५८३ साली कुंकळ्ळीस रक्तपात झाला, आणि त्या इतिहासापासून त्यांना वेगळे काढता येत नाही. तुलना करावयाची ती एवढ्याच बाबतीत : परक्या भूमीतील रोजचा दिवस त्यांनी कशात घालवला? १५८३ मध्येच भावाला लिहिलेल्या पत्रात ते माडाचे वर्णन करतात. तेल, माडी, साखर, काथ्याचे दोर, झावळ्यांचे छप्पर, असे एका झाडात सामावलेले सबंध घर. त्याच पत्रात येथील भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकशी नाते सांगते, हे ते नोंदवतात. नवख्या माणसाला झाड दिसते. त्याबरोबर वाक्याची घडणही दिसू लागली तर त्याचे कान उघडे आहेत असे समजावे.

पुढे १६०८ मध्ये त्यांनी वरिष्ठांकडे देशी लिपीतील खिळे पाडण्याची अनुज्ञा मागितली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते मात्र रोमन लिपीत. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ कसा जन्मला, हे त्याच्या आरंभीच आले आहे. तुम्ही आमची जुनी पुराणे वाचू नका म्हणता, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचावयास दुसरे का देत नाही, अशी पृच्छा एका देशी श्रोत्याने केली, आणि त्या पृच्छेला उत्तर म्हणून पाद्रीने पुराण रचले. आम्हांला फादर स्टीफन्स यांचे मोठेपण येथे दिसते. त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत होता, आणि तो प्रश्न ऐकून पाद्रीच्या पुढील कित्येक वर्षांचे काम ठरत होते. अलीने स्कोबीला असा एक प्रश्न विचारल्याचे आम्हांला आठवत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबे आखाती देशांत जाऊन आली, कित्येक आजही तेथे आहेत. परदेशात दीर्घकाळ राहणे हा आपल्याकडे कादंबरीचा विषय नसून घरातला आहे. मात्र आपली माणसे तेथे स्कोबी म्हणून नव्हे, बहुधा अली म्हणून राहतात. आमच्या ओळखीची एक भगिनी मस्कतमध्ये एका घरी मुले सांभाळीत होती. अठरा वर्षांनी ती परत निघाली तेव्हा घरातील सगळी मंडळी विमानतळावर आली आणि रडली. ती आम्हांला म्हणाली, ‘‘फादर, माया फार केली हो त्यांनी. पण माझ्या पोरांची नावं कधी कुणी विचारली नाहीत.’’ तिच्या स्वरात तक्रार नव्हती. कादंबरीचे दुसरे वाचन आम्ही हे वाक्य कानात घेऊनच केले.

आणि तिला काही सांगण्याचा अधिकार आम्हांला तरी कोठे होता? आमच्या धर्मगुरूनिवासात एक वयस्क स्वयंपाकी आहे. नऊ वर्षे तो आमचा चहा करतो. साखर किती, हे त्याला कधी सांगावे लागले नाही. गेल्या वर्षी तो चार दिवस आला नाही, तेव्हा आम्ही चिडलो. पाचव्या दिवशी कळले की त्याची पत्नी दोन वर्षे अंथरुणावर होती आणि त्या आठवड्यात ती वारली. आम्ही त्याच्या घरी गेलो, प्रार्थना केली, आणि प्रार्थनेत तिचे नाव घेण्याची वेळ आली तेव्हा थांबलो. ते नाव आम्हांला ठाऊक नव्हते. त्यानेच हळू आवाजात सांगितले.

म्हणून आम्ही वाचकांना विनवितो की ही कादंबरी अवश्य वाचा. तिच्यात व्यभिचार आहे, आत्मघात आहे. प्रौढ वाचकांनीच ती हाती घ्यावी. तिच्यातील पाऊस, ती वाट, तो ताप, तो एकांत अस्सल आहेत, आणि पापात सापडलेल्या माणसाच्या मनाची तगमग इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच लिहिली गेली आहे. स्कोबीचे काय झाले हा वादही खुशाल घाला. तो निर्णय परमेश्वराच्या स्वाधीन आहे. फक्त पिंपांखालचा माणूस विसरू नका. आपण कोठेही राहत असू, मस्कतमध्ये की आपल्याच अंगणात, पंधरा वर्षांचा शेजार झाल्यावर आपल्याला त्या घरची किती नावे ठाऊक आहेत, एवढे ज्याने त्याने एकदा मोजून पाहावे.

कल्पित माणसासाठी मिस्सा अर्पण करता येत नाही, हे आम्हांस कळते. यंदा दोन नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, वेदीवरून वाचावयाच्या नावांच्या यादीत आम्ही आमच्या स्वयंपाक्याच्या पत्नीचे नाव लिहिले आहे. ते बरोबर लिहिले आहे ना, हे त्याला विचारून घेतले. त्याने एक वेलांटी दुरुस्त केली.